जडीबुटीचा व्यापार आणि कॅन्सरचा रुग्ण

पूर्वी अत्ताराच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक हकीमसाहेबांचा नुस्खा हातात घेऊन येत असे. दुकानदार नुस्खा वाचून त्याप्रमाणे दवा तोलून बांधून देई. रोग ओळखणे हे हकीमाचे काम आणि माल चोख देणे हे अत्ताराचे काम, अशी ही वाटणी होती. जबाबदारीही त्याच वाटणीप्रमाणे ठरलेली होती. आज ही वाटणी बऱ्याच अंशी मोडली आहे. गिऱ्हाईक येते ते मोबाइलवर आलेला निरोप दाखवीत, किंवा शेजाऱ्याने सांगितलेले नाव घेऊन. कित्येकदा तेही नसते. "भाईजान, आईची किमो सुरू आहे, फार अशक्तपणा आला आहे, ताकदीचे काहीतरी द्या," एवढेच सांगणे असते. आणि दुकानदार डब्यांकडे हात नेतो.

या क्षणी दुकानदार हा केवळ व्यापारी राहत नाही. त्याला आवडो वा न आवडो, तो हकीमाच्या जागी बसलेला असतो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. कॅन्सरची दवा चालू असलेल्या रुग्णाला आपण जी जडीबुटी, माजून, सफूफ, कॅप्सूल किंवा तेल देतो, ते त्या दवेच्या आड येऊ शकते. ही गोष्ट आता तर्काची राहिलेली नाही, काही बाबतीत ती मोजून पाहिलेली आहे. म्हणून या व्यवसायातील बंधूंनी ती नीट समजून घेऊन आपल्या धंद्याची रीत बदलावी, असे आमचे मत आहे.

दवा आता घरी आली आहे

कॅन्सरचा उपचार म्हणजे इस्पितळात भरती होऊन सलाइन घेणे, अशी आपली समजूत आहे. ती आता अर्धीच खरी आहे. अनेक रुग्ण आज घरी बसून गोळ्या घेतात. स्तनाच्या कॅन्सरच्या कित्येक भगिनी टॅमोक्सिफेनची गोळी पाच ते दहा वर्षे घेतात. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण इमॅटिनिब वर्षानुवर्षे घेतात. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी गरिबाच्या आवाक्यात राहिली. तोंडाच्या व घशाच्या कॅन्सरवर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोन स्वस्त गोळ्यांचा उपचार तपासला. बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांत तो सिस्प्लॅटिनच्या इंजेक्शनपेक्षा कमी पडत नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. तंबाखू आणि गुटख्याने ज्या कारागीर वस्त्यांत घरे उद्ध्वस्त केली, तेथील रुग्णांना अशा स्वस्त उपचाराचा मोठा आधार आहे.

याचा आपल्या धंद्याशी संबंध काय? संबंध असा की इस्पितळात असलेल्या रुग्णावर परिचारिकेची नजर असते, घरी असलेल्या रुग्णावर कोणाचीच नसते. सकाळी तो केमिस्टकडून गोळ्या आणतो आणि संध्याकाळी आपल्याकडून चूर्ण नेतो. डॉक्टरला चूर्णाची खबर नसते, आपल्याला गोळीची खबर नसते. दोन्ही एकाच पोटात जातात.

आड येणे म्हणजे काय

बहुतेक दवा यकृतातून जातात. यकृत हा शरीराचा नाका आहे असे समजा. पूर्वीच्या जकात नाक्यावर जसे कारकून माल तपासून पुढे सोडत किंवा अडवत, तसे यकृतात काही द्रव्ये दवेचे रूप बदलून तिला शरीराबाहेर काढण्याची व्यवस्था करतात. त्यांना एन्झाइम म्हणतात. काही वनस्पती अशा आहेत की त्या घेतल्याने या कारकुनांची संख्या वाढते. मग दवा आपले काम करण्यापूर्वीच बाहेर टाकली जाते. उलट काही वनस्पती कारकुनांना गुंतवून ठेवतात. मग दवा रक्तात साचत जाते आणि विषासारखी वागू लागते. तिसरा प्रकार असा की दवा मुळात निद्रिस्त असते, यकृताने तिचे रूप पालटले तरच ती जागी होते. तेथे कारकून गुंतला तर दवा जागीच होत नाही.

ताप-खोकल्याच्या दवेत थोडा कमीजास्तपणा चालून जातो. कॅन्सरच्या दवेत तो चालत नाही. सोने गाळणारा कारागीर जाणतो की तेजाब कमी पडले तर मळ जात नाही आणि हाताळणी चुकली तर हातच भाजतो. कॅन्सरची बरीचशी औषधे याच जातीची आहेत. गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत अंतर थोडे असते. डॉक्टर रुग्णाचे वजन, रक्त व यकृत पाहून मात्रा ठरवतो. त्यात आपली पुडी न सांगता शिरली तर त्याचा हिशेबच चुकतो.

मोजून पाहिलेल्या गोष्टी

सर्वांत स्पष्ट उदाहरण सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचे आहे. युरोप-अमेरिकेत ती उदासीनतेवर विकली जाते आणि परदेशी असलेल्या नातेवाइकांच्या सामानातून तिच्या कॅप्सूल आपल्याकडेही येतात. नेदरलँड्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इरिनोटेकॅन हे औषध घेणाऱ्या पाच रुग्णांना ही वनस्पती रोज ९०० मिलिग्रॅम दिली गेली. औषधाचा जो भाग कॅन्सरशी लढतो त्याचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले. इमॅटिनिबच्या बाबतीत २००४ साली दोन निरनिराळ्या अभ्यासांत सुमारे ३० टक्क्यांची घट आढळली. म्हणजे रुग्णाने औषधाचे पूर्ण पैसे दिले आणि पदरात पडला दोन-तृतीयांशच माल.

नेदरलँड्सच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवण्याजोगी आहे. वनस्पती चालू असताना रुग्णांच्या रक्तपेशींवर औषधाचा जो वाईट परिणाम होतो तो कमी झाला होता. वरकरणी हा फायदा वाटेल. प्रत्यक्षात तो औषध कमी पडत असल्याचा पुरावा होता. "तुमच्या दवेने किमोचा त्रास कमी झाला," असे गिऱ्हाईक सांगते तेव्हा आपल्याला आनंद होतो. परंतु त्रास कमी झाला तो शरीराला बळ आले म्हणून, की किमोच लुळी पडली म्हणून, हे गल्ल्यावर बसून कोणालाही सांगता येणार नाही.

या कथेला आपल्या मातीचाही एक धागा आहे. इरिनोटेकॅन हे औषध कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून तयार होते. १९६६ साली ते एका चिनी झाडात सापडले. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या नावाच्या झाडात आहे. सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या जंगलातून नरक्याची चोरटी तोड होते ती याचसाठी. म्हणजे एका वनस्पतीतून आलेल्या दवेला दुसरी वनस्पती निकामी करते. सदाफुलीपासून निघालेले विन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर दिले जाते, आणि टॅक्सॉल हे औषध यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडले. तेव्हा जडीबुटीत ताकद नसते असे म्हणणारा अडाणी आहे. पण ज्या वस्तूत ताकद आहे तिच्यात नुकसान करण्याची ताकदही असते, हे विसरणारा दुकानदारही तितकाच अडाणी ठरेल.

हळद, मिरी आणि कलौंजी

आता आपल्या रोजच्या मालाकडे येऊ. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आज सर्वत्र खपतात. रॉटरडॅम येथे २०१९ साली टॅमोक्सिफेन घेणाऱ्या रुग्णांना हळदीतील कर्क्युमिन रोज ३.६ ग्रॅम देऊन पाहिले. टॅमोक्सिफेनचे जे जागृत रूप यकृतात तयार होते ते सुमारे ८ टक्क्यांनी घटले. कर्क्युमिनसोबत काळ्या मिरीतील पायपरिन दिले तेव्हा घट सुमारे १२ टक्के झाली. घट मोठी नाही, पण ज्या रुग्णांत हे प्रमाण आधीच काठावर असते त्यांना ती महागात पडू शकते.

काळी मिरी हा निव्वळ मसाला नाही, याची साक्ष आपल्याच देशात आहे. बेंगळुरू येथे १९९८ साली झालेल्या प्रयोगात पायपरिनमुळे माणसाच्या रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन वीस पटींनी वाढले. पुढे २००९ साली क्षयरोगाची एक गोळी भारतात आली. तिच्यात रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी केवळ २०० मिलिग्रॅम असते आणि जोडीला १० मिलिग्रॅम पायपरिन. काम तेवढेच होते. मिरीचा अर्क दवेची मात्रा दुप्पट करू शकतो हे ज्या व्यापाऱ्याला कळले, तो कॅन्सरच्या रुग्णाला मिरीच्या अर्काची कॅप्सूल देताना दोनदा विचार करील.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. घरच्या डाळीतील चिमूटभर हळद आणि सालनातील मिरी यांच्याविषयी हे बोलणे नाही. जेवणातले प्रमाण वेगळे आणि अर्काच्या कॅप्सूलचे प्रमाण वेगळे. रुग्णाच्या घरात घबराट पसरवणे हा या लेखाचा हेतू नाही.

कलौंजीबद्दल लिहिताना काही वाचकांच्या भावना दुखावतील याची जाणीव आहे. हदीसमध्ये कलौंजीचे गुण सांगितले आहेत आणि त्यावर आमचा विश्वास आहे. परंतु इमाम खत्ताबींसारख्या जुन्या भाष्यकारांनीही त्या वचनाचा अर्थ प्रत्येक रोग्याने प्रत्येक स्थितीत कलौंजीच घ्यावी असा लावलेला नाही. रियाधच्या किंग सौद विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली निरोगी माणसांना कलौंजीची पूड देऊन पाहिले, तेव्हा यकृतातील दोन महत्त्वाचे कारकून मंद झाल्याचे आढळले. त्यांपैकी एक तोच आहे जो टॅमोक्सिफेनला जागे करतो. यावरून कलौंजी टॅमोक्सिफेनला निकामी करतेच असे सिद्ध होत नाही, कारण तो प्रयोग त्या रुग्णांवर झालेला नव्हता. पण विचारल्याशिवाय देऊ नये, एवढे तर निश्चित होते. दुसरीकडे इजिप्तमध्ये मेंदूच्या गाठी असलेल्या मुलांना किमोसोबत कलौंजी दिली असता तापाचे प्रकार कमी झाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगात प्रमाण ठरलेले होते आणि डॉक्टरांची नजर होती. बाटलीवर हदीस छापून 'कॅन्सरवर रामबाण' म्हणून तेल विकणे हा अगदी वेगळा प्रकार आहे. त्यात वचनाचा आदर नाही, त्याचा जाहिरातीसाठी वापर आहे.

ग्रीन टीचेही असेच. तिच्यातील मुख्य द्रव्य बोर्टेझोमिब या औषधाला थेट चिकटून त्याला बांधून टाकते, असे अमेरिकेत २००९ साली प्रयोगशाळेत व उंदरांवर दिसून आले. ग्रेपफ्रूटचा रस अनेक गोळ्यांचे प्रमाण रक्तात वाढवतो, म्हणून त्याच कुळातील पपनसही डॉक्टरांना विचारूनच खावे. याउलट लसणाच्या गोळ्यांचा डोसेटॅक्सेलवर आणि मिल्क थिसलचा इरिनोटेकॅनवर म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. म्हणजे सर्वच वनस्पती सर्वच दवांशी भांडतात असे नाही. कोणती कोणाशी भांडते हे अंदाजाने कळत नाही, खरा पेच तो आहे.

यकृत, पोट आणि रक्त

काही मालाचा झगडा दवेशी नसून दवेने आधीच थकलेल्या अवयवांशी असतो. गुळवेलीचेच पाहा. २०२० साली करोनाच्या भीतीने गुळवेल घरोघरी गेली. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झालेली आढळली. २०२२ साली देशातील तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असे म्हटले. हा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. व्यापाऱ्याने मात्र त्यातून एक प्रश्न स्वतःला विचारावा, की आपल्या पोत्यात जी वेल आहे ती नेमकी कोणती, हे आपल्याला खात्रीने सांगता येते काय?

किमो चालू असलेल्या रुग्णाचे यकृत बिघडले की डॉक्टरला पुढचा डोस थांबवावा लागतो किंवा कमी करावा लागतो. कारण किमो आहे, रोग आहे की चूर्ण आहे, हे त्याला कळायला मार्ग नसतो. रुग्णाचे आठवडे वाया जातात.

सना मक्की आपल्याकडे मोठ्या श्रद्धेने घेतली जाते. इरिनोटेकॅन व कॅपेसिटाबिन यांनी आधीच जुलाब होतात, त्यात सना मक्की दिली तर अंगातील पाणी संपून रुग्ण इस्पितळात पोहोचेल. ज्येष्ठमध, ज्याला आपण मुलेठी म्हणतो, जास्त दिवस घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटवते व रक्तदाब वाढवते. सिस्प्लॅटिन घेणाऱ्याच्या शरीरातील क्षार आधीच निसटत असतात. इसबगोलासारखी निरुपद्रवी वस्तूसुद्धा गोळीसोबतच घेतली तर गोळी अंगी लागण्यात अडथळा येऊ शकतो, दोन्हींत काही तासांचे अंतर हवे.

आणखी एक बाब आपल्या गोदामाची आहे. किमोने पांढऱ्या पेशी घटतात तेव्हा निरोगी माणसाला न बाधणारी बुरशीही रुग्णाला बाधते. पावसाळ्यात ओल धरलेल्या पोत्यातील माल वाळवून, कुटून, चाळून विकला जातो हे आपण सारे जाणतो. असे चूर्ण या रुग्णाच्या हाती देणे धोक्याचे आहे.

भेसळीचा धडा

अमेरिकेत १९९० च्या दशकात पीसी-स्पेस नावाची आठ वनस्पतींची कॅप्सूल प्रोस्टेटच्या कॅन्सरवर गाजली. रुग्णांना गुणही येत होता. २००२ साली तपासणीत तिच्यात रक्त पातळ करणारे वॉरफेरिन सापडले. काही खेपांत स्त्री-हार्मोनसारखे औषधही निघाले. गुण कशाने येत होता हे त्यावरून उघड झाले. माल बाजारातून काढून घेण्यात आला आणि धंदा बुडाला. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक वस्तूंपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा बदनामी त्या १४ वस्तूंपुरती राहिली नाही. चोख माल विकणाऱ्यांनाही ती भोगावी लागली. आपल्याकडे कुश्ते कोठून येतात, ते कोणी व कसे तयार केले, हे विचारण्याची पद्धत नाही. कॅन्सरच्या रुग्णाचे मूत्रपिंड दवेने नाजूक झालेले असते. त्याला नाव-पत्ता नसलेला कुश्ता देणे हा व्यापार नव्हे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा येईल की, आपण नाही दिले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. खरे आहे, काही जातील. परंतु कॅन्सरचे रुग्ण हे आपल्या गल्ल्याचा किती भाग आहेत? त्यांना नकार दिल्याने दुकान बंद पडणार नाही. ज्याने पैसे घेण्याआधी प्रश्न विचारला, त्या दुकानदाराची आठवण ते कुटुंब वर्षानुवर्षे ठेवील आणि बाकीचा सौदा त्याच्याकडूनच नेईल. पेढीची पत अशीच वाढते.

दुसरा आक्षेप असा की, हा सारा विलायती कंपन्यांचा आपल्या तिब्बविरुद्धचा डाव आहे. औषध कंपन्यांच्या नफेखोरीविषयी आमच्या मनात काही गैरसमज नाहीत. पण वरील अभ्यासांत कलौंजीचा रियाधचा आहे, मिरीचा बेंगळुरूचा आहे आणि गुळवेलीची माहिती भारतीय डॉक्टरांची आहे. शिवाय दवेत दवा मिसळताना मिजाज, मात्रा आणि मुसलेह पाहण्याचा आग्रह युनानी तिब्बने शेकडो वर्षे धरला आहे. न विचारता पुडी बांधणे ही तिब्बची परंपरा कधीच नव्हती.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डॉक्टर रुग्णाशी दोन मिनिटे बोलत नाहीत, जडीबुटीचे नाव काढले की खेकसतात, म्हणून रुग्ण लपवतो. यात तथ्य आहे, आणि डॉक्टरांनीही आपले वागणे तपासले पाहिजे. रुग्णाला रागावून गप्प केले की धोका नाहीसा होत नाही, तो फक्त केसपेपरवरून नाहीसा होतो. परंतु डॉक्टरच्या उणिवेने आपली जबाबदारी संपत नाही. जो वैद्यकी जाणत नाही आणि तरी वैद्यकी करतो, नुकसानीची भरपाई त्याच्यावर येते, हे तत्त्व अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात आहे आणि फुकहांनी त्यावर विस्ताराने लिहिले आहे. गल्ल्यावर बसून 'हे घ्या, कॅन्सर जाईल' असे सांगणारा त्या तत्त्वाच्या कक्षेत येतो की नाही, हे त्यानेच ठरवावे.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. युनानी वा आयुर्वेदिक दवा बनवण्यास परवाना लागतो, पण ती विकण्यासाठी केमिस्टसारखा वेगळा परवाना लागत नाही. ही सवलत आहे, तशीच ती परीक्षाही आहे. मात्र १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. दुकानावरचा फलक, छापील पत्रक किंवा मोबाइलवर पाठवलेले चित्र, काहीही असो, त्यातून हा दावा करणारा स्वतःला अडचणीत घालतो.

आणि सर्वांत मोठे नुकसान तेथे होते, जेथे रुग्ण आपल्या शब्दावर विसंबून डॉक्टरची दवा सोडतो. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बरा होण्याजोगा कॅन्सर असताना केवळ पर्यायी उपचार घेतलेल्यांत मृत्यूचा धोका रीतसर उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट आढळला.

काय करता येईल

उपदेश पुरे. प्रत्यक्षात काय करावे हे थोडक्यात मांडतो.

१) पुडी बांधण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्याचा नियम करावा : 'रुग्णाला दुसरी कोणती दवा चालू आहे?' किमो, कॅन्सरच्या गोळ्या, शेक किंवा ऑपरेशन यांपैकी काहीही सांगितले तर डॉक्टरची परवानगी येईपर्यंत अर्क, कॅप्सूल, चूर्ण, माजून वा कुश्ता देऊ नये. दुकानात कामाला असलेल्या पोरालाही हे शिकवावे, कारण मालक नमाजला किंवा जेवायला गेला असता पुडी तोच बांधतो.

२) नुसता नकार देऊ नये. एका चिठ्ठीवर मागितलेल्या वस्तूचे मराठी-उर्दू नाव, मिळाल्यास शास्त्रीय नाव, आणि रोजचे प्रमाण लिहून द्यावे. ही चिठ्ठी डॉक्टरला दाखवा म्हणून सांगावे. रुग्ण तोंडाने जे सांगायला घाबरतो ते चिठ्ठी सांगते. मिश्रण असेल तर त्यातील प्रत्येक घटक लिहावा. 'खानदानी नुस्खा आहे, सांगता येणार नाही,' असे जे मिश्रण असेल ते या रुग्णाला अजिबात देऊ नये.

३) जे कुटुंब आधीपासून काही देत आहे त्याला धमकावू नये. 'पुढच्या तपासणीला डबा सोबत न्या,' एवढे सांगावे. ऑपरेशन ठरले असेल तर ते आजच डॉक्टरला कळवायला सांगावे, कारण काही वनस्पतींनी रक्त थांबण्यास उशीर लागतो. डॉक्टरची गोळी बंद करा, कमी करा, असा शब्द दुकानदाराच्या तोंडून कधीही निघू नये.

४) नाव, परवाना क्रमांक, खेप आणि तारीख नसलेला तयार माल घेऊ नये. सुट्या मालासाठी पुरवठादाराकडून लेखी बिल घ्यावे आणि ओल लागलेला माल फेकून द्यावा.

५) मुंबईच्या मोहम्मद अली रोडपासून भिवंडी, मालेगाव आणि नागपूरच्या मोमिनपुऱ्यापर्यंत हा व्यवसाय करणाऱ्यांनी आपापल्या बाजारात एकत्र बसून एक समान फलक तयार करावा : 'कॅन्सर, हृदय, मधुमेह किंवा रक्त पातळ करण्याची दवा चालू असल्यास आधी सांगा.' सर्व दुकानांत तोच फलक लागला तर शेजारच्या दुकानात जाण्याचा प्रश्नच उरत नाही. बीयूएमएस झालेल्या एखाद्या तरुण हकीमाला आठवड्यातून एक दिवस बाजारात बसवून दुकानदारांना ही माहिती द्यायला लावणे फार खर्चाचे काम नाही.

रुग्णाला मग काही द्यायचेच नाही काय? डॉक्टरने मनाई केलेली नसेल तर खजूर आहे, सातू आहे, मूग आहे. तोंड आलेल्या रुग्णाला मऊ, कमी तिखट अन्न कसे करावे हे सांगता येते. आजाऱ्याच्या घरचा माणूस दुकानात येतो तेव्हा त्याला दवेइतकीच धीराच्या दोन शब्दांची गरज असते, आणि त्या शब्दांचा कोणत्याही गोळीशी झगडा नाही.

एका गिऱ्हाइकामागे दोनशे-तीनशे रुपयांचा सौदा जाईल, कधी जास्तही जाईल. तेवढे सोसण्याची या व्यवसायाची ऐपत आहे. येत्या महिन्यात निदान एका बाजाराने जरी हा फलक लावला आणि चिठ्ठीची पद्धत सुरू केली, तरी बाकीच्या बाजारांना ती पाहून घेता येईल.